रिलीजची तारीख आणि झोपेचे तास

२०२५ मध्ये दीपिका पदुकोणच्या नावाभोवती आठ तासांच्या शिफ्टचा वाद पेटला. एवढं मानधन घेणाऱ्या अभिनेत्रीने आठच तास काम करावं का, यावर ज्याने त्याने मत दिलं. त्या गदारोळात एक साधा हिशेब मागे पडला. अभिनेत्री सेटवर येते तेव्हा लाइट लागलेले असतात, ट्रॉलीचे रूळ अंथरलेले असतात, कपड्यांना इस्त्री झालेली असते. ती निघून गेल्यावर हे सगळं उतरवून, गुंडाळून, मोजून गाडीत भरायचं असतं. आधीचे दोन तास आणि नंतरचा एक धरला, तर तिचे आठ तास म्हणजे लाइटमनचे अकरा. तिचे बारा झाले की त्याचे पंधरा.

हे पंधरा तास पडद्यावर कुठेच दिसत नाहीत. पडद्यासमोर आपण असतो. टीझरची वाट बघणारे, ट्रेलर थांबवून थांबवून त्यातली एकेक फ्रेम न्याहाळणारे, पहिल्या दिवसाचा पहिला शो गाठणारे. ही हौस खरी असते आणि सिनेमा तिच्याच जिवावर चालतो. मग इकडचा उत्साह आणि तिकडची दमणूक यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का? माझ्या मते आहे, आणि तो रिलीजच्या तारखेतून जातो. पण तिथवर पोचण्याआधी ही दमणूक नेमकी कसली, ते बघू.

## थकवा वेगळा, बर्नआउट वेगळा

दिवसभर राबून अंग मोडून येतं, रात्री गाढ झोप लागते आणि सकाळी माणूस पुन्हा ताजा होतो. हा झाला थकवा, त्यात वाईट काही नाही. बर्नआउट म्हणजे झोपूनही भरून न निघणारी झीज. विहिरीचं बघा. दिवसा उपसा होतो, रात्री झरे ती भरून काढतात. उपसा झऱ्यांच्या आवाक्यात असेल तोवर विहीर वर्षानुवर्षं पुरते. रोज थोडा जास्त उपसा होत राहिला, की एक दिवस बादलीत पाण्याबरोबर गाळ येतो. मग एक रात्र पंप बंद ठेवून भागत नाही.

हा शब्द या अर्थाने १९७४ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर यांनी रूढ केला. त्यांनी तो वापरला तो मोफत दवाखान्यांत झोकून देऊन काम करणाऱ्या माणसांविषयी. पाट्या टाकणाऱ्यांना हे होत नाही, जीव ओतणाऱ्यांना होतं, हे तेव्हाच दिसलं होतं. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची व्याख्या नक्की केली. त्यांच्या मते हा आजार नव्हे. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ चालू राहिला आणि त्यावर नीट उपाय झाला नाही, की जे उरतं ते बर्नआउट. त्याच्या तीन खुणा त्यांनी दिल्या आहेत. अंगातलं त्राण संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल मनात दुरावा किंवा कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटू लागणं.

यातली दुसरी खूण सिनेमावाल्यांच्या बाबतीत मला सर्वांत जास्त लागते. लहानपणापासून सिनेमाचं वेड असलेला, त्या वेडापायी घरच्यांशी भांडून या धंद्यात आलेला माणूस एके दिवशी सिनेमा बघणंच सोडून देतो.

## दिवस कसा लांबतो, आठवडा कसा घसरतो

सेटवरचे तीन शब्द माहीत असले की पुढचं सोपं जाईल. कॉल टाइम म्हणजे कामावर हजर व्हायची वेळ. पॅकअप म्हणजे शूटिंग संपल्याची हाक. आणि पॅकअपपासून दुसऱ्या दिवशीच्या कॉल टाइमपर्यंत मिळणारी मोकळीक म्हणजे टर्नअराउंड.

आता हिशेब करू. कॉल सकाळी सहाचा, पॅकअप रात्री आठला. झाले चौदा तास. दुसऱ्या दिवशीचा कॉल पुन्हा सहाचा, म्हणजे टर्नअराउंड दहा तासांचा. कागदावर हे ठीक दिसतं. पण आठला पॅकअप झाल्यावर सामान आवरायला तास जातो. नऊला निघालेला माणूस दीड तासाच्या प्रवासानंतर साडेदहाला घरी पोचतो. आंघोळ, जेवण होईतो साडेअकरा. सकाळी सहाला पोचायचं तर साडेचारला निघायला हवं आणि चारला उठायला हवं. हातात उरली साडेचार तासांची झोप, तीही अंथरुणाला पाठ टेकताक्षणी लागली तर. घरच्यांशी चार शब्द बोलायचे असतील तर ते यातूनच कापून.

हा रोजचा हिशेब झाला, आठवड्याचा याहून अवघड आहे. हॉलिवूडमध्ये कलाकारांच्या संघटनेच्या करारानुसार त्यांना साधारण बारा तासांची विश्रांती द्यावी लागते. चौदा तासांचं शूटिंग आणि बारा तासांची विश्रांती मिळून होतात सव्वीस, आणि दिवस तर चोवीसच तासांचा. त्यामुळे कॉल रोज दोन तासांनी पुढे सरकतो. सोमवारी सकाळी सहा, मंगळवारी आठ, बुधवारी दहा, गुरुवारी दुपारी बारा, शुक्रवारी दोन. शुक्रवारी दुपारी दोनला सुरू झालेलं काम संपतं शनिवारी पहाटे चारला. तिथल्या कामगारांनी फ्रायडे आणि सॅटरडे जोडून याला ‘फ्रॅटरडे’ असं नाव दिलं आहे. शनिवारचा दिवस झोपण्यात जातो, रविवारी संध्याकाळी डोकं जरा ताळ्यावर येतं आणि सोमवारी कॉल परत सकाळी सहाचा. विमानात न बसता दर आठवड्याला लांबच्या देशाला जाऊन आल्यासारखं शरीराचं घड्याळ उलटसुलट होतं. हे चक्र एका सिनेमासाठी दोन-तीन महिने चालतं. मग दुसरा सिनेमा लागतो.

## पंधराव्या तासाला हात काय करतो

माझ्या ओळखीचा एक फोकस पुलर आहे, म्हणजे शॉट चालू असताना कॅमेऱ्याचा फोकस सांभाळणारा. हे काम काय असतं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण थकवा म्हणजे काय ते मला तिथे पहिल्यांदा कळलं.

जवळचा शॉट असतो आणि लेन्सचं तोंड मोठं उघडलेलं असतं, तेव्हा स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम बोटभर जाडीचा असतो. समोरच्या नटाचा डोळा स्पष्ट असेल तर कान धूसर होतो. बोलता बोलता नट अर्धं पाऊल पुढे आला, की त्याच क्षणी फोकसचं चाक तेवढंच फिरलं पाहिजे. आधी फिरलं तरी चूक, नंतर फिरलं तरी चूक. शॉटच्या आधी हा टेपने अंतरं मोजतो, जमिनीवर खुणा करतो. पण कॅमेरा सुरू झाल्यावर नट खुणांवरच थांबेल याची खात्री कुणाला? मग वर्षानुवर्षं हातात मुरलेला अंदाज कामाला येतो. हा म्हणतो, “बाराव्या तासापर्यंत माझा हात डोळ्याच्या आधी चालतो. चौदाव्याला डोळ्याबरोबर. त्यानंतर डोळ्याच्या मागून.”

एका रात्रीच्या शूटिंगला पंधराव्या तासाला त्याचा हात असाच मागून चालला. सेकंदभर नटाचा कान लख्ख आणि डोळा धूसर. त्याने लगेच सांगितलं, आणखी एक टेक घेऊ. पण अभिनय उत्तम उतरला होता, आभाळ उजळायला लागलं होतं, टेक ओके झाला.

हे असं का होतं, त्याचं उत्तर विज्ञानाने कधीच दिलं आहे. १९९७ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाचा हात आणि नजर यांचा मेळ तितकाच बिघडतो, जितका रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असताना बिघडतो, असं त्यात आढळलं. चोवीस तासांच्या जागरणानंतर ते साम्य ०.१० टक्क्यांपर्यंत जातं. कित्येक देशांत ०.०५ टक्क्यांनंतर गाडी चालवायला कायद्याने मनाई आहे. चारला उठलेला माणूस रात्री नऊला सेटवरून निघतो तेव्हा त्याचे सतरा तास भरलेले असतात, आणि तो दुचाकीला किल्ली लावतो.

त्याच वर्षी, मार्च १९९७ मध्ये, लॉस एंजेलिसच्या परिसरात एका सिनेमाचा कॅमेरा असिस्टंट एकोणीस तासांचं काम संपवून घरी निघाला आणि गाडी चालवतानाच डोळा लागून अपघातात गेला. घरी बायको आणि लहान मुली होत्या. त्यानंतर दिवसाला चौदा तासांची कमाल मर्यादा घाला, अशी मागणी करणाऱ्या अर्जावर हजारो लोकांनी सह्या केल्या. दोन ऑस्कर मिळालेले छायाचित्रकार हॅस्केल वेक्सलर यांनी तर हा विषय उरलेल्या आयुष्यभर सोडला नाही. २००६ मध्ये त्यांनी यावर माहितीपट केला. बारा तास काम आणि बारा तास विश्रांती, एवढंच ते मागत होते. ती मागणी अजून पुरी झालेली नाही.

## एक तास वाढवणं स्वस्त का पडतं

मग निर्माते दिवस वाढवत का नाहीत, तास का वाढवतात? याचं उत्तर दुष्टपणात शोधायची गरज नाही, ते भाड्यात आहे.

घर बदलायला दिवसाच्या भाड्याने ट्रक आणला आहे असं समजा. संध्याकाळी सहा वाजता चार खोकी उरली. आता दोनच मार्ग आहेत. मदतीला आलेल्यांना थोडे जास्त पैसे देऊन आठपर्यंत थांबवायचं, किंवा उद्या अख्ख्या दिवसाचं भाडं पुन्हा भरायचं. कुणीही पहिलाच मार्ग घेईल. सिनेमात हा ट्रक फार मोठा असतो. कॅमेरे, लेन्स, दिवे, जनरेटर, जागा, मुक्काम, वाहनं, सगळं दिवसाच्या हिशेबाने चालतं. रोज दोन तास वाढवले तर सात दिवसांचं काम सहा दिवसांत बसतं आणि एका दिवसाचं सगळं भाडं वाचतं. जादा तासांचे पैसे त्यापुढे किरकोळ असतात. म्हणजे थकवा हा सेटवरचा सर्वांत स्वस्त माल ठरतो.

शूटिंग संपल्यावरच्या कामात कोंडी वेगळ्या प्रकारे होते. व्हीएफएक्स, म्हणजे संगणकावर तयार होणारी दृश्यं, हे काम बहुतेक वेळा ठोक रकमेवर दिलं जातं. घराला रंग द्यायचा एकच आकडा ठरला, आणि मालक रोज येऊन म्हणाला, हिरवा नको, आता पिवळा द्या, तर जादा मजुरी कोण देणार? रंगारीच. सिनेमाच्या एका सेकंदात चोवीस फ्रेम असतात. “त्या राक्षसाची शेपटी जरा लांब करा” हे वाक्य बोलायला तीन सेकंद पुरतात. करायला आठवडे लागतात, कारण शेपटीबरोबर तिची सावली, उडणारी धूळ आणि मागचं पाणी, सगळंच पुन्हा करावं लागतं.

‘लाइफ ऑफ पाय’मधला वाघ आपण सगळ्यांनी पाहिला. तो घडवणाऱ्या ‘रिदम अँड ह्यूज’ या कंपनीने फेब्रुवारी २०१३ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. थोड्याच दिवसांनी त्याच कामाला ऑस्कर मिळालं. सभागृहाबाहेर शेकडो व्हीएफएक्स कलाकार निदर्शनं करत होते. आत बक्षीस घेताना पर्यवेक्षकांनी कंपनीच्या अडचणीचा विषय काढला, तेव्हा संगीत वाजवून आणि माइक बंद करून त्यांना थांबवलं गेलं. त्या वाघाच्या प्रेमात पडलेल्या आपल्यापैकी फार थोड्यांना ही गोष्ट माहीत आहे.

## आपली उत्सुकता तारखेत कशी बदलते

आता चाहत्यांकडे येऊ. थिएटरात टाळ्या वाजवणाऱ्या माणसामुळे सेटवर कुणी दमत नाही. एखाद्या सिनेमावर तुम्ही जीव टाकलात म्हणून कुणाची झोप जात नाही. पण उत्सुकता ही विकता येणारी गोष्ट आहे, आणि ती विकण्याचं साधन म्हणजे तारीख. मोठ्या सिनेमाची तारीख हल्ली संहिता पक्की होण्याआधीच जाहीर होऊ शकते. त्या तारखेवर थिएटरं राखली जातात, जाहिरातींचे करार होतात, खेळणी आणि टी-शर्ट छापले जातात. इतकं सगळं बांधून झाल्यावर ती तारीख हलवणं अवघड होतं. मधे संहिता बदलली, पाऊस पडला, नट आजारी पडला, अर्धा सिनेमा पुन्हा शूट करावा लागला, तरी शेवटचं टोक जिथल्या तिथे. मग ताणायला एकच गोष्ट शिल्लक राहते, मधल्या माणसांचे तास. ज्याचं काम सर्वांत शेवटी, त्याच्या वाट्याला सर्वांत जास्त ताण. म्हणून संकलन, ध्वनी आणि व्हीएफएक्सची माणसं शेवटचे महिने ऑफिसातच काढतात.

चाहत्यांच्या आवाजात किती ताकद असते, ते २०१९ मध्ये जगाने पाहिलं. ३० एप्रिलला ‘सॉनिक द हेजहॉग’चा ट्रेलर आला. निळ्या सॉनिकला माणसासारखे दात दिले होते, डोळे बारीक केले होते. त्या व्हिडिओ गेमवर वाढलेल्या पिढीने एकच गहजब केला. दोनच दिवसांत दिग्दर्शक जेफ फाउलर यांनी जाहीर केलं की सॉनिकचं रूप बदलणार. ऐकायला गोड वाटतं, पण सॉनिक जवळजवळ सगळ्या सिनेमाभर आहे. तो बदलायचा म्हणजे त्याचा प्रत्येक शॉट पुन्हा. आणि तारीख होती त्याच वर्षीच्या नोव्हेंबरची.

इथे एक चांगली गोष्ट घडली. तारीख फेब्रुवारी २०२० पर्यंत पुढे नेली. ते जाहीर करताना दिग्दर्शकाने, हा सिनेमा बनवताना एकाही व्हीएफएक्स कलाकाराला इजा झालेली नाही, अशा अर्थाचा हॅशटॅग टाकला होता. सिनेमा चालला, तीस कोटी डॉलरहून जास्त कमाई झाली, पुढचे भागही आले. चाहत्यांचा विजय म्हणून ही गोष्ट आजही सांगितली जाते. सांगताना एक तुकडा राहून जातो. ज्या व्हीएफएक्स कंपनीने हे काम केलं, तिचा व्हँकूव्हरचा स्टुडिओ डिसेंबर २०१९ मध्ये बंद झाला. सिनेमा पडद्यावर येण्याच्या दोन महिने आधी. बंद होण्याचं कारण सॉनिक, असं मी म्हणणार नाही. कंपनीने बाजारातल्या दबावाकडे बोट दाखवलं होतं. पण ज्या हातांनी आपल्या मनासारखा सॉनिक घडवला, त्यांतले कितीतरी हात तो पडद्यावर आला तेव्हा काम शोधत होते.

दुसरं उदाहरण २०२३ मधलं. ‘स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ने लोकांना वेड लावलं. ते बघताना मलाही डोळे मिटावेसे वाटले नाहीत. सिनेमा लागल्यावर काही आठवड्यांनी त्यातल्या काही कलाकारांनी नाव न सांगता पत्रकारांना माहिती दिली. पूर्ण झालेली दृश्यं पुन्हा पुन्हा बदलली जात होती, आठवड्याचे सातही दिवस काम चालू होतं आणि काम संपण्याआधी सुमारे शंभर कलाकार सोडून गेले, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्या भागाची मार्च २०२४ ही तारीख तेव्हा जाहीर झालेली होती. ती नंतर मागे घेतली गेली.

## ‘आवडीचं काम आहे, मग कुरकुर कसली?’

हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो आणि तो सर्वांत जास्त नुकसान करतो. ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये नेमक्या याच समजुतीवर अभ्यास प्रसिद्ध केला. एखाद्याला आपलं काम मनापासून आवडतं असं सांगितलं, की त्याला बिनपगारी जादा काम लावणं, सुट्टीच्या दिवशी बोलावणं, नेमून दिलेल्यापेक्षा वेगळी कामं करायला लावणं लोकांना जास्त रास्त वाटू लागतं. आवड हाच जणू त्याच्या पगाराचा एक हिस्सा.

सेटवरचा बहुतेक माणूस आधी चाहता असतो. शाळा बुडवून सिनेमाला गेलेला, वहीच्या मागच्या पानावर पोस्टर काढणारा. रात्री दोनला त्याला थांब म्हटलं तर तो थांबतो, कारण शॉट चांगला व्हावा असं त्यालाही वाटत असतं. शिवाय इथे कायमची नोकरी नसते. एक सिनेमा संपला की दुसरा तोंडओळखीने मिळतो. “जरा नखरे करतो” एवढं एक वाक्य पसरलं तरी फोन वाजायचा थांबतो. म्हणून त्याचा होकार ऐकताना तो किती मोकळेपणाने दिलेला आहे, हे बघायला हवं.

## ‘पैसे मिळतात ना त्यांना?’

काहींना चांगले मिळतात. पण सिनेमातले मोठे आकडे आपण ऐकतो ते पाच-दहा नावांचे. शेवटच्या श्रेयनामावलीत शेकडो नावं असतात, व्हीएफएक्सचा सिनेमा असेल तर हजारांच्या घरात. त्यांतल्या बहुतेकांना दोन सिनेमांच्या मधले बिनकामाचे महिने याच कमाईवर काढायचे असतात. आणि जादा तासाचा दुप्पट दर मिळाला तरी त्याने झोप भरून निघत नाही.

## ‘डॉक्टर, पोलीस, सगळेच राबतात’

राबतात, आणि त्यांच्याबद्दलही हीच काळजी वाटायला हवी. पण वैमानिकाकडे बघा. त्याने किती तास ड्युटी करायची आणि दोन उड्डाणांमध्ये किती विश्रांती घ्यायची, हे जगभर नियमाने बांधलेलं आहे. प्रवाशांना कितीही घाई असली तरी तास भरले की तो विमान उडवत नाही. थकलेल्या माणसाने यंत्र चालवणं धोक्याचं, हे तिथे मान्य झालं आहे. सिनेमाच्या सेटवरही क्रेन असते, उंचावर टांगलेले जड दिवे असतात, स्टंट असतात, विजेच्या तारांचं जाळं असतं.

## ‘तास मोजत बसलं तर मोठा सिनेमा होईल कसा?’

या प्रश्नाचं उत्तर दक्षिण कोरियातून आलं आहे. तिथे कामगार संघटनेच्या रेट्यामुळे चित्रपटांसाठी नमुना करार तयार झाला आणि २०१८ पासून आठवड्याला बावन्न तासांची कमाल मर्यादा कायद्याने लागू होऊ लागली. दिग्दर्शक बोंग जून-हो यांचा ‘पॅरासाइट’ याच नमुना कराराखाली, तासांची मर्यादा पाळून बनला. २०१९ मध्ये कान महोत्सवात त्याला पाम द’ऑर हा तिथला सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि २०२० मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर. इंग्रजीबाहेरच्या भाषेतल्या सिनेमाला हा मान तोवर मिळालेला नव्हता. दिग्दर्शकाला शूटिंगचे दिवस जास्त लागले, खर्चही वाढला. सिनेमा मात्र कमी पडला नाही.

हे जमण्यासाठी बरंचसं काम सेटवर जाण्याआधी व्हावं लागतं. बोंग प्रत्येक शॉट आधी कागदावर रेखाटून ठेवतात. हॉलिवूडचे दिग्दर्शक क्लिंट ईस्टवुड एक-दोन टेकमध्ये शॉट उरकून सगळ्यांना वेळेत घरी पाठवण्याबद्दल प्रसिद्ध आहेत. ‘फ्रेंच अवर्स’ म्हणून एक पद्धत आहे. त्यात जेवणाची मोठी सुट्टी न घेता आळीपाळीने खाऊन घेत सलग दहा तास काम करतात आणि संपवतात. सेटवरच्या रात्री लांबतात त्या पुष्कळदा कलेपायी लांबत नाहीत. उद्या काय शूट करायचं हे आज ठरलेलं नसतं, म्हणून लांबतात. माझं हे मत सेटवर काम करणाऱ्या बऱ्याच जणांशी बोलून बनलं आहे.

## नियम कुठवर आलेत

ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पडद्यामागच्या कामगारांच्या ‘आयाट्सी’ या संघटनेत संपावर मतदान झालं. सुमारे साठ हजार कामगारांचा प्रश्न होता आणि मतदान करणाऱ्यांपैकी ९८ टक्क्यांहून अधिक जणांनी संपाच्या बाजूने कौल दिला. मागण्यांत पैसे होते, पण सगळ्यांच्या तोंडी होती ती विश्रांती. संप टळला आणि करारात दहा तासांचा टर्नअराउंड आणि पाच दिवसांच्या आठवड्यानंतर चोपन्न तासांची सुट्टी आली. करार जेमतेम बहुमताने मंजूर झाला. दहा तासांत झोप किती मिळते हे आपण वर मोजलंच आहे, त्यामुळे निम्म्या लोकांना तो अपुरा का वाटला ते समजतं. सप्टेंबर २०२३ मध्ये मार्व्हलच्या व्हीएफएक्स कामगारांनी एकमताने संघटित व्हायचं ठरवलं.

आपल्याकडे सिने-कामगारांसाठी १९८१ चा कायदा होता, २०२५ मध्ये त्याची जागा नव्या श्रम संहितेने घेतली. लेखी कराराशिवाय कामाला लावू नये असं त्या जुन्या कायद्यातच सांगितलं होतं. लेखी करार हातात असणं ही पहिली पायरी, कारण तोंडी ठरलेल्या कामाचे तास मोजायचे तरी कशावरून?

## आपण काय करू शकतो

तिकीट काढू नका, असं मी कुणाला सांगणार नाही. सिनेमा पडला तर या माणसांचा पुढचा फोनच वाजणार नाही. पण तारीख पुढे गेल्याची बातमी येते, तेव्हा तिच्याखाली आपण काय लिहितो, ते निर्माते वाचतात. सॉनिकच्या दातांबद्दल लिहिलेलं त्यांनी वाचलं, तसंच हेही वाचतील. “वेळ घ्या, घाई नको” असं हजारो लोकांनी लिहिलं, तर तारीख हलवायला घाबरणाऱ्याला तेवढाच आधार मिळतो. अपूर्ण दिसणाऱ्या एखाद्या दृश्याची टर उडवण्याआधी ते करायला किती दिवस दिले होते, हा प्रश्नही विचारता येतो, आणि तो कलाकाराला नव्हे, तारीख ठरवणाऱ्याला विचारायचा. पत्रकार परिषदेत नटाच्या डाएटबरोबर सेटवरच्या शिफ्टबद्दल विचारलं गेलं, तर उत्तर द्यावं लागेल.

त्या फोकस पुलरचा सिनेमा लागला तेव्हा तो पहिल्या दिवशी पहिल्या शोला गेला होता. भरलेल्या थिएटरात, मागच्या रांगेत. तो शॉट आला. सेकंदभर कान स्पष्ट आणि डोळा धूसर. कुणाच्याच लक्षात आलं नाही. पुढच्याच वाक्याला शिट्ट्या झाल्या, टाळ्या झाल्या, शेजारचा मुलगा खुर्चीवरून उठून ओरडला. मी विचारलं, तेव्हा कसं वाटलं? तो म्हणाला, त्या मुलाचा आनंद बघून भरून आलं, आणि दुसऱ्या दिवशी सहाचा कॉल होता म्हणून मध्यंतरात निघून आलो.